मूल टेक्सासला, न्यायाधीश न्यू जर्सीत

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी कुटुंब राहतंय. वडिलांची डॅलसला बदली होते. पगार वाढणार, घरही मोठं मिळणार. फक्त जुलैअखेर रुजू व्हायचं आहे. एरवी असं घर हलवायला अमेरिकेत कुणाची परवानगी लागत नाही. ट्रक भाड्यानं घ्यायचा, सामान भरायचं आणि निघायचं. या घरात मात्र एक अडचण आहे. सोळा वर्षांच्या मुलानं मित्रांच्या नादानं एका दुकानात चोरी केली होती आणि न्यायालयानं त्याला वर्षभराच्या प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, ठेवलंय. त्यातले सहा महिने अजून बाकी आहेत.

त्याला बरोबर नेता येईल का? येईल. पण सामान बांधण्याआधी विचारावं लागेल आणि ते विचारणं फोनवरच्या एका होकारात आटपत नाही. दोन राज्यांमधले कागद, एक घरभेट, काही आठवड्यांची वाट आणि देशातल्या सगळ्या राज्यांनी मिळून केलेला एक करार, एवढं सगळं त्यामागे आहे. हे प्रकरण त्या कराराविषयी आहे.

शिक्षा नव्हे, देखरेख

प्रोबेशनचं मूळ एका चांभाराकडे जातं. १८४१ मध्ये बॉस्टनचा जॉन ऑगस्टस हा जोडे शिवणारा गृहस्थ न्यायालयात एका दारुड्यासाठी जामीन राहिला. 'याला तुरुंगात घालू नका, मी याच्यावर लक्ष ठेवतो' असा त्याचा एकंदर प्रस्ताव होता. पुढे त्यानं शेकडो माणसांची हमी घेतली. त्यांत लहान मुलंही होती. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १८७८ मध्ये, मॅसॅच्युसेट्सनं या पद्धतीला कायद्याचं रूप दिलं.

मुलांसाठी वेगळं न्यायालय आलं ते १८९९ मध्ये, शिकागोला. हल हाऊस या सेवाकेंद्रातल्या जेन अॅडम्स, ज्युलिया लॅथ्रॉप आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी त्यासाठी खूप खटपट केली होती. या न्यायालयाची सगळी भिस्त प्रोबेशनवरच होती. मूल घरीच राहील, शाळेत जाईल आणि एक अधिकारी अधूनमधून येऊन बघेल. सुरुवातीला या अधिकाऱ्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होत नसे. समाजसेवी मंडळी तो भार उचलत.

आजही बालन्यायालयाकडून मिळणाऱ्या आदेशांत प्रोबेशनच सर्वांत नेहमीचं. अटी साध्या वाटतात : शाळा बुडवायची नाही, ठरल्या वेळी घरात यायचं, अधिकाऱ्याला भेटायचं, नुकसानभरपाई द्यायची, काही तास समाजसेवा करायची, गरज असेल तर समुपदेशनाला जायचं. पण या अटींना दात आहेत. त्या मोडल्या तर तोच न्यायाधीश मुलाला सुधारगृहात पाठवू शकतो.

प्रोबेशनवरच्या मुलाची बाजू किती लंगडी असू शकते, याचं गाजलेलं उदाहरण अॅरिझोनातल्या जेराल्ड गॉल्टचं. १९६४ मध्ये तो पंधरा वर्षांचा होता आणि आधीच्या एका प्रकरणात सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होता. फोनवर अश्लील बोलल्याच्या शेजारणीच्या तक्रारीवरून त्याला पकडलं. वकील दिला नाही, तक्रारदार बाई न्यायालयात आलीच नाही आणि त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सरकारी शाळेत डांबण्याचा हुकूम झाला. प्रौढ माणसाला याच गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १५ मे १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी लिहिलेल्या या निकालानं आरोपाची सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी हे हक्क मुलांनाही मिळाले.

हुकूम हद्दीवर थांबतो

आता आपलं एडिसनचं कुटुंब. त्याची अडचण अमेरिकेच्या रचनेतून येते. तिथे बालन्यायाचा एकच एक राष्ट्रीय कायदा नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, न्यायालयांची रचना वेगळी आणि प्रोबेशनचं खातंही वेगळं. न्यू जर्सीत बालप्रोबेशन न्यायसंस्थेच्याच अखत्यारीत चालतं. टेक्सासमध्ये ते काम काउंटीच्या पातळीवरच्या विभागांकडे आहे. न्यू जर्सीच्या न्यायाधीशाचा हुकूम डॅलसच्या प्रोबेशन ऑफिसरला लागू होत नाही आणि न्यू जर्सीचा ऑफिसर टेक्सासमध्ये गेला तर तिथे तो निव्वळ पाहुणा.

मूल कुणाला म्हणायचं यावरही राज्यांचं एकमत नाही. न्यू जर्सीत अठरा पुरी होईपर्यंत बालन्यायालय. टेक्सास, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमध्ये मात्र सतरा वर्षांच्या मुलानं गुन्हा केला तर खटला प्रौढांच्या न्यायालयात जातो. उत्तर कॅरोलिनात सोळा वर्षांची मुलंही प्रौढांत धरली जात; ते डिसेंबर २०१९ पासून बदललं. व्हरमाँटनं २०२० मध्ये अठरा वर्षांच्या मुलांनाही बालन्यायाच्या कक्षेत घेतलं. लुइझियानानं वयाची मर्यादा वाढवली आणि २०२४ मध्ये परत खाली आणली. म्हणजे सतरावा वाढदिवस कोणत्या राज्यात साजरा होतो, यावर मुलाचं कायद्यातलं स्थान ठरू शकतं.

राज्यांमध्ये काही समझोता नसेल तर अशा कुटुंबापुढे दोनच वाटा उरतात. मुलाला नातेवाइकाकडे ठेवून बाकीच्यांनी निघायचं, नाहीतर त्याला घेऊन जायचं आणि देखरेख वाऱ्यावर सोडायची. पहिल्या वाटेनं मूल घराला मुकतं. दुसऱ्या वाटेनं त्याचं नाव फरारींच्या यादीत जातं.

राज्यांनी आपसात करार करण्यावर अमेरिकी राज्यघटनेचं बंधन आहे. पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमानुसार काँग्रेसच्या संमतीखेरीज एक राज्य दुसऱ्याशी करार करू शकत नाही. १९३४ मध्ये काँग्रेसनं गुन्हेगारी रोखण्यासाठीच्या करारांना आधीच एकत्रित संमती देऊन ठेवली. तिचा आधार घेऊन १९३७ मध्ये प्रौढांच्या प्रोबेशन-पॅरोलसाठी करार झाला. मुलांची पाळी यायला १९५५ उजाडलं. त्या करारानं तीन कामं हाती घेतली : घरातून पळून परराज्यात गेलेल्या मुलांना परत पाठवणं, सुधारगृहातून किंवा देखरेखीतून निसटलेल्यांना परत आणणं आणि प्रोबेशनवरच्या मुलांची देखरेख नव्या राज्याकडे सोपवणं.

करार चांगला होता, पण त्याला कणा नव्हता. नियम मोडणाऱ्या राज्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं, आणि कागद कुठे अडकला हे शोधण्याचीही नीट सोय नव्हती. म्हणून नवा मसुदा तयार झाला आणि पस्तीस राज्यांनी तो स्वीकारल्यावर २६ ऑगस्ट २००८ पासून लागू झाला. जॉर्जिया सर्वांत शेवटी, २०१४ मध्ये सामील झालं. पन्नास राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स अशी त्याची व्याप्ती झाली. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनमध्ये त्याच्या आयोगाचं कार्यालय आहे. आयोगात प्रत्येक सदस्य राज्याचा एक आयुक्त आणि प्रत्येकाला एक मत. आयोगानं केलेले नियम सदस्य राज्यांवर कायद्यासारखेच बंधनकारक असतात. ते न पाळणाऱ्या राज्याला दंड होऊ शकतो, प्रकरण संघीय न्यायालयातही नेता येतं.

कुणाला लागू, कुणाला नाही

दर वेळी हा करार लागू होतोच असं नाही. मुलाचा मुक्काम परराज्यात वर्षभरात सलग नव्वद दिवसांहून जास्त होणार असेल आणि प्रोबेशनचे नव्वदहून जास्त दिवस शिल्लक असतील, तेव्हाच बदलीचा अर्ज करता येतो. एडिसनच्या मुलाचे सहा महिने उरलेत, म्हणजे तो यात बसतो. दोनच महिने उरले असते, तर मूळ न्यायालयाशी बोलून दुसरा मार्ग काढावा लागला असता.

न्यायालयानं ज्याला दोषी ठरवलंय तो मुलगा यात येतोच. ज्याचा अंतिम निकाल काही अटींवर पुढे ढकललाय, तोही येतो. शाळा बुडवणं, घरातून पळणं अशा, केवळ वय कमी म्हणूनच आक्षेपार्ह ठरणाऱ्या वागण्यासाठी देखरेखीखाली असलेली मुलंही येतात. आईवडील, पालक, नातेवाईक किंवा परिचित यांच्याकडे राहायचं असेल तर चालतं. परराज्यातल्या महाविद्यालयात पूर्णवेळ शिकायला जायचं असेल तरी चालतं. निवासी उपचारकेंद्रात किंवा वसतिसंस्थेत ठेवायचं असेल, तर मात्र हा करार लागू होत नाही. मुलांच्या परराज्यातल्या निवासासाठी राज्यांमध्ये वेगळा करार आहे, तो बघावा लागतो.

वय कोणत्या राज्याच्या कायद्यानं मोजायचं याचं उत्तर करारानं नीट दिलंय : पाठवणाऱ्या राज्याच्या. न्यू जर्सीनं ज्याला मूल म्हटलं तो या कामापुरता टेक्सासमध्येही मूलच. पण हे संरक्षण जुन्या प्रकरणापुरतं आहे. टेक्सासमध्ये सतराव्या वर्षी त्यानं नवा गुन्हा केला, तर तो टेक्सासच्या कायद्यानं प्रौढ ठरतो. डॅलसला जाणाऱ्या पालकांनी ही गोष्ट मुलाला समोर बसवून सांगायला हवी.

घरभेट आणि पंचेचाळीस दिवस

प्रक्रिया प्रोबेशन ऑफिसरपासून सुरू होते. त्याच्यामार्फत अर्ज भरला जातो. त्यावर मूल आणि पालक दोघांच्या सह्या लागतात. या सह्यांमध्ये एक मोठी कबुली आहे : न्यू जर्सीनं परत बोलावलं तर मुलगा हस्तांतरणाच्या लांबलचक कायदेशीर कार्यवाहीचा आग्रह न धरता परत येईल. अनेक घरांत कागदांच्या गर्दीत यावर सही होऊन जाते. तो वकिलाकडून समजून घेऊनच सही करावी.

न्यायालयाचा आदेश, प्रोबेशनच्या अटी, मुलाची पार्श्वभूमी अशी कागदपत्रं न्यू जर्सीच्या राज्य कार्यालयाकडून टेक्सासच्या राज्य कार्यालयाकडे जातात. तिथून ती त्या काउंटीच्या प्रोबेशन विभागाकडे पोहोचतात. कागद मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत टेक्सासनं घराची पाहणी करून उत्तर द्यायचं असतं. पाहणीला आलेला अधिकारी घरात कोण कोण राहतं, मोठ्यांपैकी कुणावर गुन्हे आहेत का, शाळेची काय सोय आहे, मुलावर लक्ष ठेवायला कुणी घरी असतं का, हे बघतो.

उत्तर नकारार्थी येऊ शकतं. पण इथे करारानं पालकांच्या बाजूनं एक ठाम नियम केलाय. ताबा असलेला एकही पालक पाठवणाऱ्या राज्यात उरत नसेल आणि असा पालक नव्या राज्यात राहत असेल, तर नव्या राज्याला नाही म्हणता येत नाही. आपल्या कुटुंबात आईवडील दोघंही डॅलसला चाललेत, त्यामुळे टेक्सासला मुलाची देखरेख स्वीकारावीच लागेल. आईवडील विभक्त असते, आई एडिसनमध्येच राहिली असती आणि मुलाला डॅलसच्या वडिलांकडे जायचं असतं, तर हा हक्क आपोआप मिळाला नसता. ह्यूस्टनच्या काकांकडे पाठवायचं ठरलं, तरीही निर्णय टेक्सासच्या पाहणीवर अवलंबून राहिला असता.

वडिलांना जुलैअखेर रुजू व्हायचं असेल आणि उत्तर ऑगस्टमध्ये येणार असेल, तर मधल्या काळाचं काय? यासाठी प्रवासाचा परवाना असतो. साध्या प्रकरणातल्या मुलाला अर्ज विचाराधीन असताना असा परवाना देऊन कुटुंबाबरोबर जाऊ देता येतं. लैंगिक गुन्ह्यांची प्रकरणं आणि सुधारगृहातून पॅरोलवर सुटलेली मुलं यांच्या बाबतीत नियम कडक आहे : मंजुरी येईपर्यंत सहसा मूळ राज्यातच थांबायचं. परवान्यावर गेलेल्या मुलाचा अर्ज फेटाळला गेला, तर त्याला परत आणण्याची हालचाल मूळ राज्याला लगेच सुरू करावी लागते. त्यामुळे परवाना मिळाला म्हणजे बदली मंजूर झाली, असं समजून चालत नाही.

देखरेख इथे, अधिकार तिथे

मंजुरी आल्यावर जे घडतं ते आपल्याकडच्या सरकारी नोकराला लगेच कळेल. प्रतिनियुक्तीवर गेलेला कर्मचारी नव्या खात्यात काम करतो, तिथल्या साहेबाचं ऐकतो, पण त्याचं सेवापुस्तक मूळ खात्यातच राहतं. मुलाचंही तसंच होतं. डॅलसचा प्रोबेशन ऑफिसर त्याला तिथल्या मुलांसारखंच वागवतो, भेटी ठरवतो, शाळेत चौकशी करतो. टेक्सास स्वतःच्या काही अटीही घालू शकतं. पण प्रोबेशन किती दिवस चालेल, कधी संपेल आणि मोडल्यास काय होईल, हे न्यू जर्सीचाच न्यायाधीश ठरवतो.

दोन्हींमधला दुवा म्हणजे प्रगतीचा अहवाल. तो डॅलसहून तीन-तीन महिन्यांनी जातो. मुलानं अटी मोडल्या तर वेगळा अहवाल जातो आणि न्यू जर्सीला त्यावर काय करायचं ते कळवावं लागतं : ताकीद, अटींत बदल, किंवा परत बोलावणं. परत आणण्याचा खर्च पाठवणाऱ्या राज्याचा. मुलगा गायब झाला तर मूळ राज्य वॉरंट काढतं आणि त्यानंतर तो कोणत्याही राज्यात पोलिसांच्या हाती लागला तरी ताब्यात घेतला जाऊ शकतो.

पैशाच्या बाबतीत पालकांचा गोंधळ होतो. एडिसनच्या दुकानदाराची भरपाई न्यू जर्सीच्या आदेशानुसारच द्यायची असते. राज्य बदललं म्हणून ती माफ होत नाही. पण करारानुसार बदलून गेलेल्या मुलाकडून देखरेखीचं शुल्क कोणत्याही राज्याला घेता येत नाही. समुपदेशनाचा किंवा उपचाराचा आदेश मूळ न्यायालयाचा असेल आणि त्याचा खर्च विम्यातून किंवा नव्या राज्याच्या सोयीतून भागत नसेल, तर तो पाठवणाऱ्या राज्याकडे येतो.

याच करारावर दुसरंही एक काम चालतं, ते म्हणजे पळून गेलेल्या मुलांना घरी पोहोचवणं. एखादी मुलगी ओहायोतून पळून फ्लोरिडात सापडली, तिच्यावर कोणताही गुन्हा नाही आणि पहिल्या चोवीस तासांत पालक तिला न्यायला येऊ शकत असतील, तर तिला थेट त्यांच्या हवाली करता येतं. तसं जमलं नाही तर न्यायाधीशासमोर तिच्या संमतीनं परतीची कार्यवाही होते. ती एकटी विमानानं निघाली आणि वाटेत विमान बदलायचं असेल, तर त्या मधल्या विमानतळावर स्थानिक राज्याचा अधिकारी तिला उतरवून घेतो आणि पुढच्या विमानात बसवून देतो. परक्या राज्याच्या मुलीसाठी, कुठल्याही जुन्या ओळखीविना, हे काम होतं.

भारतात, आणि भारताकडे

भारतात हा पेच निराळा आहे, कारण २०१५ चा बाल न्याय कायदा देशभर एकच. ब्रिटिश काळात प्रांताप्रांताचे कायदे वेगळे होते. मुंबई प्रांताचा बाल कायदा १९२४ चा. आज विधिसंघर्षग्रस्त बालकाला बाल न्याय मंडळ कलम १८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, जास्तीत जास्त तीन वर्षं, पालकांच्या देखरेखीत सोडू शकतं. मूल दुसऱ्या राज्यातलं असेल तर कलम ९५ नुसार चौकशीअंती आणि त्याच्या मूळ जिल्ह्यातल्या मंडळाशी किंवा बालकल्याण समितीशी विचारविनिमय करून त्याला तिकडे सोपवता येतं. बिहारचा मुलगा मुंबईत सापडला तर आंतरराज्य कराराची गरज नाही. दोन्हीकडे कायदा तोच आहे. अमेरिकेला जे काम कराराच्या दोरीनं बांधावं लागलं, ते इथे एका कलमात आलंय.

अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी आणखी दोन मुद्दे आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला किंवा नाशिकला जायचं असेल, तर राज्यांमधला हा करार तिथे उपयोगाचा नाही. देशाबाहेर जायला प्रोबेशन ऑफिसरमार्फत न्यायालयाची स्पष्ट परवानगी घ्यावी लागते, आणि ती तिकिटं काढण्याआधी. दुसरा मुद्दा व्हिसाचा. बालन्यायालयाचा निकाल इमिग्रेशनच्या कायद्यात 'गुन्हा सिद्ध झाला' असा धरला जात नाही, हे इमिग्रेशन अपील मंडळानं २००० मध्ये स्पष्ट केलंय. तरीही मादक पदार्थांसारख्या प्रकरणांत वेगळे प्रश्न उभे राहू शकतात, आणि ग्रीन कार्डाच्या अर्जात अधिकारी मुलाची वर्तणूक विचारात घेऊ शकतो. म्हणून बालन्यायाचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील यांनी एकमेकांशी बोलणं गरजेचं आहे.

या सगळ्या व्यवस्थेत मुलाच्या हातात फार थोडं असतं. शाळेत जायचं, वेळेवर घरी यायचं, भेटीच्या तारखा पाळायच्या, एवढंच. बाकीचं सगळं मोठ्यांवर आहे : ऑफिसरनं कागद वेळेत पाठवणं, दोन राज्यांच्या कार्यालयांनी ते पुढे सरकवणं, आणि त्या सगळ्यांच्या आधी पालकांनी विचारणं. सर्वांत महागात पडणारी चूक या पहिल्याच पायरीवर होते. नवी नोकरी, घराचा करार, शाळेतली नावनोंदणी सगळं पक्कं होतं आणि मग कुणाला तरी प्रोबेशनची आठवण होते. तोवर पंचेचाळीस दिवस हाताशी उरलेले नसतात आणि न विचारता नेलेला मुलगा, काहीही वाईट न करता, अटी मोडणारा ठरतो. बदलीचं पत्र आलं की पहिला फोन प्रोबेशन ऑफिसरला करावा, दुसरा वकिलाला. घर शोधणाऱ्या दलालाचा नंबर तिसरा.